झाड उभं ठेवल्याचे पैसे कुणाचे?

जंगलतोड थांबवायची, त्यातून वाचलेल्या कार्बनचा मोबदला मिळवायचा आणि तो जंगलाशेजारच्या माणसांपर्यंत पोचवायचा, अशा ‘रेड प्लस’ या जागतिक योजनेबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. माझं काम जंगल मोजण्याचं. वीसेक वर्षं खोडांभोवती टेप गुंडाळली, पुढे दुसऱ्यांनी गुंडाळलेल्या टेपचे आकडे तपासले. उत्तरांना त्या कामाचा वास येणारच.

प्रश्न : झाड तोडलं नाही म्हणजे कुणी काही केलंच नाही. न केलेल्या गोष्टीचे पैसे कसे काय मिळतात? मी बँकेतून निवृत्त झालो आहे, मला तरी हा ताळेबंद जुळवता येत नाही.

ताळेबंद जुळत नाही ही तुमची तक्रार अगदी योग्य जागी आहे. पण आधी त्याची जमेची बाजू बघू.

लाकूड पूर्ण वाळवलं तर त्याच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. कोरडं वजन दोन टन भरेल अशा झाडात एक टनाच्या आसपास कार्बन धरा. ते झाड जळलं किंवा कुजलं की या कार्बनला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो आणि त्याचा सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. इथवरची मोजणी आम्ही टेपनं करतो. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, गोलाई घ्यायची, झाडाची जात लिहायची आणि सूत्रातून वजन काढायचं. मोठी मुळं भिंतीसारखी वर चढलेली असतील तर त्यांच्याही वरून टेप न्यायची. चुका होतात, पण त्या शोधून काढता येतात.

खरी अडचण यापुढे सुरू होते. मोबदला उभ्या झाडाचा मिळत नाही, तो ‘नाहीतर तुटलं असतं’ अशा झाडाचा मिळतो. योजना नसती तर किती जंगल गेलं असतं, याचा एक अंदाज आधीच मांडून ठेवतात. त्याला आधाररेषा म्हणतात. प्रत्यक्षात तोड त्या रेषेच्या जेवढी खाली राहील तेवढी तुमची कमाई. आता तुम्हीच सांगा, ही रेषा आखण्याचं काम कर्ज मागणाऱ्याकडेच दिलं तर ती कुठे आखली जाईल?

तसंच झालं. २००५मध्ये माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा विषय मांडला, २००७मध्ये बालीला तो वाटाघाटींत आला आणि २०१३मध्ये वॉर्साला मोजणीची चौकट ठरली. ही चौकट देशांसाठी होती. सरकारांची ही चर्चा चालू असतानाच खासगी प्रकल्पांनी स्वतःच्या पद्धतीनं रेषा आखून क्रेडिटं, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, विकायला सुरुवात केलेली होती. २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तीन खंडांतल्या सहा देशांमधल्या २६ प्रकल्पस्थळांचा अभ्यास आला. प्रकल्पातल्या जंगलाची तुलना अभ्यासकांनी तशाच, पण प्रकल्पाबाहेरच्या जंगलाशी केली. त्यात बहुतेक ठिकाणी तोड फारशी कमी झालेली आढळली नाही आणि तपासलेल्या क्रेडिटांपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी घट निघाली. टेपचे आकडे बरोबर होते, रेषाच उंच आखलेली होती.

म्हणून एकेका प्रकल्पापेक्षा अख्ख्या राज्याचा किंवा देशाचा हिशेब धरणं मला बरं वाटतं. तेवढ्या मोठ्या क्षेत्रात सोयीचा तुकडा निवडून दाखवता येत नाही. तिथेही ओढाताण असते म्हणा. दक्षिण अमेरिकेतल्या गयाना या देशाची तोड मुळातच फार कमी. जुन्या सरासरीवर रेषा आखली असती तर जंगल राखल्याची जणू शिक्षाच झाली असती. त्यामुळे २००९मध्ये नॉर्वेनं त्यांच्याशी २५ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला तेव्हा रेषा प्रत्यक्ष दराच्या वर ठेवली गेली. याला अन्याय म्हणायचं की न्याय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

प्रश्न : जंगलात राहणारे गरीब लोकच सरपणासाठी आणि शेतीसाठी झाडं तोडतात. मग त्यांनाच पैसे देणं म्हणजे तोडणाऱ्याला बक्षीस नाही का? (एक शिक्षिका)

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण तेही पुरतं खरं नाही. जागा बदलली की तोडणारा बदलतो.

ॲमेझॉनमध्ये जंगल जातं ते मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी. जगभरातही शेतमालापायी होणाऱ्या तोडीत गोमांसाचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यानंतर पामतेल, सोयाबीन, कोको, रबर, कॉफी. काँगोच्या खोऱ्यात मात्र छोट्या शेतकऱ्यांची फिरती शेती आणि शहरांना लागणारा कोळसा हीच मोठी कारणं आहेत. शिवाय तोड वेगळी आणि ऱ्हास वेगळा. सरपणानं जंगल विरळ होतं, पण सहसा नकाशावरून पुसलं जात नाही. ते पुसायला भांडवल आणि बुलडोझर लागतो, आणि पुढचं पीक विकत घेणारा कुणीतरी दूर बसलेला असावा लागतो.

ब्राझीलचे आकडे मी पाठ केलेले आहेत, कारण इतका उघड पुरावा या विषयात क्वचित मिळतो. ॲमेझॉन विभागात २००४मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेलं. २०१२मध्ये ४,५७१. आठ वर्षांत हे झालं ते गावोगाव पाकिटं वाटून नव्हे. मरिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना, २००४मध्ये तोड रोखण्याचा कृती आराखडा आला. उपग्रहावरून ताजी तोड दिसू लागली आणि निरीक्षक त्याच हंगामात जागेवर पोचू लागले. २००६मध्ये सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी नव्यानं तोडलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही असं ठरवलं. २००८मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं ॲमेझॉनमधलं शेतीकर्ज जमिनीच्या कागदपत्रांशी आणि पर्यावरणाच्या नियमांशी जोडलं. (मागच्या प्रश्नातल्या बँकवाल्यांनी याची नोंद घ्यावी.) त्याच काळात मूळनिवासींची आणि रबर गोळा करणाऱ्यांची क्षेत्रं राखीव झाली. पुढे पकड सैल झाली तशी तोड २०२१मध्ये १३,०३८ चौरस किलोमीटरवर गेली, आणि पकड पुन्हा आवळल्यावर २०२४मध्ये ६,२८८वर उतरली.

तेव्हा बाई, मोठ्या तोडणाऱ्याला बक्षीस नको, कर्जबंदी हवी. पैसे द्यायचे ते त्या छोट्या माणसाला, ज्याच्याकडे आज झाड विकण्यावाचून दुसरी सोय नाही.

प्रश्न : प्रत्यक्षात किती पैसे गावापर्यंत पोचतात? आणि पोचले तरी त्यानं झाडं वाचतात असा काही पुरावा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी.

पश्चिम युगांडात २०११ ते २०१३ या काळात १२१ गावांमध्ये एक प्रयोग झाला. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ६० गावं निवडली. तिथल्या जंगलमालकांना, झाडं न तोडल्यास, दर हेक्टरी वर्षाला ७०,००० युगांडन शिलिंग देऊ केले. तेव्हाच्या दरानं ही रक्कम सुमारे २८ डॉलर होते. उरलेल्या गावांत काहीच नाही. दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांतून मोजलं तर पैसे न मिळालेल्या गावांतलं वृक्षाच्छादन ९.१ टक्क्यांनी घटलं होतं, पैसे देऊ केलेल्या गावांतलं ४.२ टक्क्यांनी. पात्र मालकांपैकी तिघांतला एकच सामील झाला होता, तरीही. इथे आधाररेषा कुणी कल्पनेनं आखलेली नव्हती, शेजारची गावंच ती रेषा होती. म्हणून माझा या आकड्यांवर विश्वास आहे.

आता पहिला प्रश्न. याचं उत्तर आकड्यात देण्यापेक्षा माझीच एक फजिती सांगते. गावाचं आणि प्रकल्पाचं नाव घेणार नाही.

मी तिथे मोजणीला होते आणि वाटपाची सभाही माझ्याच गळ्यात पडली. सकाळी दहाची वेळ दिली. चाळीसेक माणसं आली, चर्चा झाली, अंगठे-सह्या झाल्या. गावालगतचा एक उतार सरपणासाठी बंद करायचा, त्याबदल्यात वर्षाकाठी सामाईक निधी मिळायचा, असं ठरलं. सभेत बायका चारपाचच होत्या, हे माझ्या टिपणात नीट लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा लागला नाही. सकाळी दहाला बाकीच्या बायका मोळ्या आणायला गेल्या होत्या, ज्या उताराबद्दल आम्ही सभेत ठराव करत होतो त्याच उतारावर.

वर्षभरानं पुन्हा मोजलं तर बंद उतारावर कोवळी झाडोरी उठली होती, कार्बन वाढला होता, आमचा अहवाल चकचकीत झाला. पलीकडच्या डोंगरावर मोजणीसाठी आखलेला आमचा एकही तुकडा, म्हणजे प्लॉट, नव्हता. बायका आता तिकडे जात होत्या, पाऊण तास जास्त चालून. म्हणजे तोड थांबली नव्हती, फक्त आमच्या नकाशाबाहेर गेली होती. आमच्या भाषेत याला गळती म्हणतात. शब्द ऐकून वाटतं पाइप फुटलाय, पण तिथे ती गळती बायकांच्या डोक्यावरून चालली होती. निधीचा पहिला हप्ता यायला आणखी दीड वर्ष लागलं. बाजारात तुरी म्हणतात तसं, तोवर गावात त्या न आलेल्या पैशांवरून दोन तट पडले होते.

पुढे आम्ही उतार उघडला, वाळलेलं लाकूड आणायचे दिवस ठरवले, आणि ते दिवस बायकांनी ठरवले. कार्बनचा आकडा जरा खाली आला. मला तो आकडा जास्त खरा वाटतो.

नेपाळमध्ये हा धडा आधीच गिरवलेला होता. १९९३च्या वनकायद्यानं तिथे गावगटांकडे जंगलं सोपवली आणि आज असे २२ हजारांहून जास्त गट आहेत. दोलखा, गोरखा आणि चितवन इथे रेड प्लसचा प्रयोग झाला तेव्हा रक्कम केवळ कार्बनवर वाटली नाही. गटात दलित आणि जनजातींची घरं किती, बायका किती, गरीब घरं किती, या निकषांना मिळून कार्बनपेक्षा जास्त वजन दिलं. हिशेब करणाऱ्या माझ्यासारखीला हे आधी खटकलं होतं. कार्बनचे पैसे कार्बनवर का नकोत? पण भरघोस जंगल बहुधा सुस्थितीतल्या गटाकडे असतं, आणि बंदीची झळ बसते ती मोळीवर चूल पेटवणाऱ्या घराला.

वाटा आधी कागदावर ठरलेला असला की भांडण कमी होतं. गयानानं २०२२मध्ये ७५ कोटी डॉलरच्या क्रेडिटविक्रीचा करार केला, त्यात मूळनिवासी गावांचा वाटा १५ टक्के ठेवला. २०२५मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात उष्णकटिबंधी जंगलांसाठी जो नवा कायमस्वरूपी निधी जाहीर झाला, त्यात २० टक्के मूळनिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी राखायचे आहेत. तिथे आधाररेषेची भानगडही नाही, उभ्या जंगलाच्या हेक्टरामागे साधारण चार डॉलर अशी कल्पना आहे. हप्ते वेळेवर निघतात का, एवढंच मी बघणार आहे.

प्रश्न : पैसे वाटण्यापेक्षा लोकांना जंगलातूनच रोजगार मिळाला तर? की ‘जंगलही राखा, उत्पन्नही घ्या’ हे फक्त भाषणातच होतं?

ग्वाटेमालातल्या पेतेन प्रांताकडे बघा. १९९०मध्ये तिथे माया जीवावरण राखीव क्षेत्र झालं. त्याचा काही भाग कडक संरक्षणातला, तर काही भाग २५ वर्षांच्या करारानं गावसंस्थांना वापरायला दिलेला. गावांनी ठरावीक चक्रानं थोडी महोगनी तोडायची आणि शाते नावाच्या ठेंगण्या पामची पानं विकायची. ही पानं फुलांच्या गुच्छांत घालायला परदेशी जातात. पूर्वी पानं नगावर मोजली जायची, त्यामुळे हाताला येईल ते ओरबाडलं जायचं आणि अर्धा माल वाया जायचा. उशाक्तुन गावात दर्जावर पैसे द्यायला लागल्यावर निवडून कापणी सुरू झाली. गंमत पाहा, कागदावर कडक संरक्षण असलेल्या लागुना देल तिग्रे उद्यानात गुरांच्या कुरणांनी जंगल खाल्लं, आणि कुऱ्हाड चालवायची परवानगी असलेल्या बहुतेक गावकरारांत ते टिकलं. सगळ्याच नव्हे. जिथे गुरं शिरली असे काही करार रद्दही करावे लागले.

ब्राझील नटचं झाड तर कुणी मुद्दाम उदाहरणासाठी घडवलंय असं वाटतं. त्याच्या फुलाचं झाकण जड असतं, ते उचलायला रानातल्या धिप्पाड मधमाश्या लागतात. भोवतीचं जंगल काढून कुरणात एकटं ठेवलेलं झाड उभं राहतं, पण फारसं फळत नाही. त्यामुळे ज्याचं घर या बियांवर चालतं त्याला अख्खं जंगल हवं असतं. तिथल्या रबर गोळा करणाऱ्यांचे पुढारी शिको मेंदेस आणि त्यांचे साथीदार रबराचा चीक आणि या बियांसाठीच जंगल राखा म्हणत होते. १९८८च्या डिसेंबरात मेंदेस यांचा खून झाला. १९९०मध्ये त्यांच्या नावानं राखीव क्षेत्र झालं, ज्यात लोक राहतात आणि वेचतातही.

पण या दोन्ही गोष्टींत रोजगाराच्या आधी एक कागद आला, हा करार किंवा ही हद्द तुमची, असं सांगणारा. पेरूमध्ये मूळनिवासी गावांना जमिनीचे हक्क मिळाल्यानंतरच्या दोन वर्षांत तिथली तोड तीन चतुर्थांशाहून जास्त घटली, असं २०१७च्या एका अभ्यासात दिसलं. मोबदला नव्हता, प्रशिक्षण नव्हतं, होता तो फक्त हक्काचा कागद. प्रकल्पाचं दप्तर माझ्यासमोर आलं की मी आधी जमिनीचं प्रकरण उघडते आणि कार्बनचं शेवटी.

प्रश्न : आमच्या कंपनीनं जंगलाची क्रेडिटं घेतली आहेत, त्यामुळे आमचे विमानप्रवास आता ‘कार्बनमुक्त’ आहेत असं सांगतात. खरं का?

नाही. विमानातून निघालेला कार्बन हवेत गेलेला आहे. त्याबदल्यात जे जंगल दाखवलं जातंय ते उद्या वणव्यात जळू शकतं. अशा नुकसानीसाठी काही क्रेडिटं राखून ठेवतात, पण वणवा त्या राखीव साठ्याचा आकार बघून लागत नाही. जंगलाला पैसे जरूर द्या, फक्त त्याची पावती तिकिटाला टाचू नका.

प्रश्न : सुधारित चुली वाटणं हा सोपा मार्ग नाही का? सरपण कमी, धूर कमी, झाडंही वाचतात.

धूर कमी, हे एकच कारण मला चुलीसाठी पुरेसं वाटतं. झाडांच्या हिशेबाबद्दल मात्र सांभाळून. गोळा केलेलं सगळं सरपण जंगल कमी करत नाही. बरंचसं वाळकं असतं, बरंचसं पुन्हा वाढतं. चुलींच्या क्रेडिटांत हा भाग धरताना हात फारच सैल सोडला गेला. २०२४च्या एका अभ्यासात तपासलेल्या प्रकल्पांनी खऱ्या घटीच्या नऊपटींहून जास्त क्रेडिटं काढल्याचं दिसलं. शिवाय वाटलेल्या चुलीवर मोठं भांडं बसलं नाही तर बाई जुनीच चूल पेटवते आणि नव्या चुलीवर घरातली बरणी जाऊन बसते. हे मी पाहिलंय. सर्वेक्षण करणाऱ्यांची गाडी दिसली की बरणी खाली उतरते.

प्रश्न : गावातल्या लोकांनीच मोजणी करायची आणि त्यांनाच पैसे मिळायचे. मग आकडे फुगवले जाणार नाहीत का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, वनस्पतिशास्त्र)

शंका योग्य आहे, म्हणूनच फेरमोजणी असते. प्लॉटच्या मध्यावर खुंटी, खोडावर रंगाची खूण, प्रत्येक झाडाला क्रमांक. बाहेरचा माणूस अचानक येऊन त्यातली काही झाडं पुन्हा मोजतो. चार दिवसांचं शिक्षण दिलेल्या गावकऱ्यांचे आकडे तज्ज्ञांच्या आकड्यांशी चांगले जुळतात, हे वेगवेगळ्या देशांत तपासून झालेलं आहे. झाडाची जात ओळखण्यात तर ते आमच्या पुढे असतात.

उतारावर टेप धरायचा नियम तुम्ही शिकला असालच : १.३ मीटर मोजायचे ते चढाच्या बाजूनं. मीही शिकले होते. पण एका पावसाळी दिवशी, पाय घसरत असताना, मी सकाळभर खालच्या अंगाला उभी राहून उंची धरत होते, कारण तिथे टेकायला जागा मिळत होती. म्हणजे टेप खोडावर जरा खाली बसत होती, जिथे खोड जाड असतं. प्रत्येक झाड कागदावर थोडं थोडं फुगत होतं, आणि त्या गावाला त्याचे पैसे जास्तच मिळाले असते. टेपचं दुसरं टोक धरणारा गावातला पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘बाई, काल तुम्हीच वरून मोजा म्हणालात ना?’’

सकाळपासूनची एकेचाळीस झाडं आम्ही पुन्हा मोजली. वरच्या अंगाला तो उभा राहिला.